थेंब बुडेपर्यंत

रक्तदान शिबिरांत काम करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. तांदळाच्या डब्यात पोरकिडे होतात तसे ते आपोआप होतात, झाकण कितीही घट्ट लावा. मी अकरा वर्षं वसई-विरारच्या शिबिरांत एकाच टेबलाशी बसतेय. सोसायटीचा हॉल, शाळेचा व्हरांडा, गोडाऊन, चर्चचं सभागृह. जागा बदलते, मी तीच. लोकांना वाटतं माझे किस्से सुईचे असतील. सुई माझ्या मागच्या खाटेवर असते. माझे सगळे किस्से निळ्या पाण्याचे आहेत.

निळं पाणी म्हणजे मोरचुदाचं पाणी. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत दिसायचे ते निळे खडे. ते ठरावीक मापात पाण्यात विरघळवले की त्या पाण्याला एक ठरावीक जडपणा येतो. रक्तदात्याच्या बोटाला टोचायचं, रक्ताचा एक थेंब वरून या पाण्यात सोडायचा. मोरचूद थेंबाभोवती लगेच पातळ कवच धरतो, त्यामुळे रक्त विरघळत नाही, थेंब थेंबच राहतो. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर थेंब पाण्यापेक्षा जड, तो बुडतो. कमी असेल तर तरंगतो. जगात बुडालेल्याची दया येते, आमच्याकडे बुडाला तो पास.

यासाठी पंधरा सेकंद मोजायचे. त्यानंतरचं धरायचं नाही, कारण कवच जाड होत जातं आणि शेवटी सगळेच थेंब तळाला जातात. पण त्या पंधरा सेकंदांत माणूस समोरच्या निळ्या पाण्याकडे बघत असतो आणि मनातलं बोलून टाकतो. मी फक्त ऐकते.

आमची टोळी तिघांची. डॉक्टर मॅडम, मी, आणि हरेश्वरभाऊ. हरेश्वरभाऊ गाडी चालवतात, खाटा लावतात, चिठ्ठ्या लिहितात. घर खाडीकडचं. त्यांच्या वडिलांचं आयुष्य मिठागरात गेलं. पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं म्हणणं, आणि ते पुष्कळसं खरं आहे. सगळं खरं नाही, त्याचा किस्सा पुढे येईल.

आणि मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. अकरा वर्षांत हजारो लोकांचे थेंब मी या पाण्यात सोडले. स्वतःचा परवापरवापर्यंत एकदाही नाही. विरारला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि गेलं वर्षभर मी दुसऱ्या मजल्यावर थांबून फोन बघितल्यासारखं करते. माझी आई अशीच जिन्यात थांबायची. तिच्या रक्ताच्या आजाराला नाव मिळेपर्यंत उशीर झाला होता. हे मी शिबिरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. फॉर्मवर प्रश्न असतो, ‘घरात कुणाला रक्ताचा आजार?’ तो मी रोज सगळ्यांना विचारते. मला कुणी विचारला नव्हता.

*

वसईतल्या होळी गावचे वामनकाका भाजी पिकवतात. बायकोने ढकलून आणलं होतं. टेबलाशी बसले आणि ग्लासातलं पाणी बघून खुर्ची हातभर मागे घेतली.

“हा मोरचूद ना?”

म्हटलं, हो.

“आम्ही केळीला मारतो हा. चुन्यात मिसळून. तुम्ही कोयता बुडवून बघितलात का?”

मला कळेना. मग त्यांनी नीट समजावलं. मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं पाणी तयार झालं की त्यात कोयत्याचं स्वच्छ पातं बुडवायचं. लोखंडावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडलाय असं समजायचं. तसंच फवारलं तर रोग राहिला बाजूला, पानंच करपतात. वामनकाकांच्या वडिलांनी एकदा घाईत कोयता न बुडवता फवारलं आणि अख्खी ओळ करपली. तेव्हापासून त्यांच्या वाडीत कोयत्याशिवाय मोरचुदाला हात लावत नाहीत.

“काका, तुमचं बोट यात घालायचं नाहीये. फक्त थेंब.”

“थेंब माझाच ना?”

शेवटी बोट पुढे आलं. थेंब सोडला. मी मोजायला लागले. काका पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, “बाई, पान करपलेलं निघालं तर मी खुडून टाकतो. माझंच करपलेलं निघालं तर काय खुडू?”

थेंब सरळ तळाला गेला. काकांनी दीर्घ श्वास सोडला, रक्त दिलं, दोनदा चहा घेतला. जाताना बायकोला टेबलाशी आणून ग्लासाच्या तळाशी बसलेले सतराअठरा थेंब दाखवले. “त्यातला तो गोल, तो माझा.” सगळेच गोल होते.

काका गेले. त्यांचं वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

*

विरारला एका जिमचे ट्रेनर शिबिरात आले, मागे त्यांची आठ-दहा मुलं. दंड एवढे की टी-शर्टची बाही वर सरकून अडकलेली. आधी रुबाब: “मॅडम, माझं दोनदा घ्या. आपल्याकडे स्टॉक आहे.”

थेंब सोडला. दोन बोटं खाली गेला, थबकला, आणि हळूहळू वर आला.

थेंब वर यायला लागला की समोरचा माणूस गप्प होतो. त्या गप्प होण्याची मला सवय झालेली नाही. मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं: “घाबरू नका. आज नको, एवढंच. डॉक्टरांना दाखवून घ्या.”

ट्रेनर टेबलावर वाकले. “मॅडम, हळू बोला. मागे माझे क्लायंट आहेत.”

मी आवाज खाली आणला.

“हा डावा हात आहे. उजव्याचं घ्या.”

“रक्त एकच असतं.”

“मग पाणी बदला.”

“पाणी आत्ताच बदललंय.”

एवढ्यात अर्धं मिनिट होऊन गेलं आणि थेंब डुलत डुलत तळाला गेला. ट्रेनर जवळजवळ ओरडलेच, “बुडाला! बघा, बुडाला!”

मी कडक आवाजात सांगितलं, “पंधरा सेकंदांनंतर बुडालेलं आम्ही धरत नाही.”

हरेश्वरभाऊंनी गुलाबी चिठ्ठी लिहिली. ज्यांना परत पाठवतो त्यांना आम्ही गुलाबी चिठ्ठी देतो. नाव, वय, सकाळी काय खाल्लं, घरात कुणाला आजार, कधी परत यायचं. ट्रेनरनी ती घडी करून मोज्यात सरकवली आणि मुलांना म्हणाले, “माझं रक्त स्पेशल केसला राखून ठेवलंय.” दोन महिन्यांनी ते आमच्या रक्तपेढीत येऊन डॉक्टर मॅडमना भेटून गेले. मूळव्याध निघाली, अंगावर काढत होते. वेळेवर कळली.

ते एवढं कळायला आले, आणि मी त्याच इमारतीत काम करून मशीनच्या खोलीत बोट घालत नव्हते. तिथे हिमोग्लोबिनचा आकडा येतो. आकडा बघण्याची माझी छाती नव्हती.

*

आता घाबरण्याचा किस्सा. म्हणजे अंगाचं पाणी व्हावं असा.

एका सोसायटीचं शिबिर. ऑक्टोबरचं ऊन, हॉलमध्ये पंखे गरम हवा फिरवत होते. रक्त दिलेल्यांसाठी एका टेबलावर सरबताचे ग्लास मांडलेले. माझं टेबल त्याच्या शेजारी. निळ्या पाण्याचा ग्लासही तसाच. सरबताचा होता तसल्याच काचेचा, ही माझी अक्कल!

सोसायटीचे सेक्रेटरी सावंतकाका सकाळपासून धावपळ करत होते. मी फॉर्मवर मान घालून बसलेली. त्यांनी येता येता माझ्या टेबलावरचा ग्लास उचलला आणि कुणाला तरी म्हणाले, “हे निळं नवीन आलंय वाटतं.”

मी मान वर केली तेव्हा ग्लास ओठाला लागला होता.

खरंच सांगते, ओरडायला पाहिजे तिथे मी नुसती बसले. मोरचूद पोटात गेला तर काय होतं ते मला तोंडपाठ आहे: मळमळ, उलट्या, पोटात आग, जास्त गेला तर मूत्रपिंडं जातात. ते सगळं मला आठवलं आणि हात काही उठला नाही. हरेश्वरभाऊ खाटेपाशी होते. तिथून दोन ढांगांत आले आणि काकांच्या हातावर अशी थाप मारली की ग्लास भिंतीवर जाऊन फुटला. काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर निळी नक्षी.

डॉक्टर मॅडमनी पुन्हा पुन्हा चूळ भरायला लावली आणि दोन तास समोर बसवून ठेवलं. पोटात काही गेलं नव्हतं, फक्त ओठाला लागलं होतं. काका दर दहा मिनिटांनी विचारत, “चुरचुरतंय, हे नॉर्मल का?” मी दर वेळी घड्याळ बघे.

निघताना काका उभे राहिले, सदरा बघितला आणि म्हणाले, “रक्त नाही दिलं, पण बिस्किटाचा पुडा मिळेल ना?”

हरेश्वरभाऊंनी त्यांना दोन पुडे दिले. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की माझ्या टेबलावर पुन्हा कधी ग्लास ठेवणार नाही.

*

भित्र्या माणसाने केलेली दुरुस्ती म्हणजे पुढच्या चुकीचं आमंत्रण. मी ग्लासाऐवजी पसरट काचेचं भांडं आणलं. चार बोटं खोल, तोंड ताटलीएवढं रुंद. हे कोण तोंडाला लावणार? मी खूश.

पुढचं शिबिर एका इमारतीच्या गच्चीवर, वर पत्र्याचा मांडव. माझ्या टेबलाशेजारी उभा पंखा. सकाळी सगळं सुरळीत. साडेअकराच्या सुमारास एक थेंब तरंगला. मग दुसरा. मग तिसरा. बारा वाजेपर्यंत मी ओळीने नऊ माणसं परत पाठवली. धडधाकट माणसं! एक तर कबड्डी खेळणारा.

खाली बातमी पोचली. बायका वर आल्या. “आपल्या बिल्डिंगच्या टाकीत काहीतरी आहे.” कुणी म्हणालं, बोअरिंगचं पाणी. कुणी म्हणालं, शेजारच्या कारखान्याचा धूर. एका आजींनी नातवाला घेतलं आणि तिथल्या तिथे मुलीकडे भाईंदरला निघाल्या. मलाही वाटलं, टाकीचं पाणी खरंच काही असेल तर? आणि मग वाटलं, मीही असंच टाकीचं पाणी पिते, मग माझ्या धापेचंही तेच कारण असेल का? तेवढा एक क्षण मला बरंही वाटलं.

हरेश्वरभाऊ आले. दोन बोटं निळ्या पाण्यात बुडवली, अंगठ्यावर चोळली. त्यांचे वडील मिठागरात असंच करायचे, पाणी बोटांत चोळून मीठ धरायला आलंय का सांगायचे.

“मॅडम, पानी जाड झालंय.”

“म्हणजे?”

“उन आनि वारा. आमच्या मिठागरात ह्यासाठीच तर पानी पसरट कुंडात सोडतात.”

मी घनता मोजायची काचेची नळी काढली. ती रोज सकाळी वापरायची असते, मी त्या दिवशी घाईत वापरली नव्हती. पाणी उडून गेलं होतं, मोरचूद तेवढाच राहिला होता, द्रावण दाट झालं होतं. माणसं हलकी नव्हती, पाणी जड झालं होतं. नवी बाटली उघडली आणि कबड्डीवाल्याचा थेंब दगडासारखा बुडाला.

भाईंदरला गेलेल्या आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, “आता आलेय तर चार दिवस राहते.”

मी हरेश्वरभाऊंचे दहा वेळा आभार मानले. सगळ्यांसमोर म्हणाले, “माझ्यापेक्षा तुम्हालाच पाणी जास्त कळतं.” हे मी म्हणायला नको होतं.

*

कामणचं गोडाऊन. पॅकिंगला दीडशेक माणसं, निम्म्याहून जास्त बायका. आदल्या वर्षी तिथे बऱ्याच बायकांचे थेंब तरंगले होते आणि नंतर सुपरवायझर त्यांना “ए कमजोर” म्हणून हाका मारायचा. बायकांनी हे हरेश्वरभाऊंना सांगितलं होतं, मला नाही.

त्या दिवशी मी बाटलीच वापरत होते, अरुंद तोंडाची. सकाळी नळी लावून घनता बघितलेली. पहिल्या चार बायका, चारही तरंगल्या. मी हात धुवायला आत गेले.

परत आले तर जादू. एकापाठोपाठ एक सगळे थेंब तळाला. बायका खूश, मी खूश. सुपरवायझर स्वतः येऊन म्हणाला, “यंदा आमचा स्टाफ एकदम फिट आहे.”

त्या आनंदात जेवणाच्या सुट्टीत मी एक गोष्ट केली. टेबलाशी कुणी नव्हतं. मी डाव्या अनामिकेला टोचलं आणि माझा थेंब पाण्यात सोडला.

सरळ खाली गेला. मोजावंही लागलं नाही.

मला रडू यायचं बाकी राहिलं. अकरा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. उगाच आईची भीती बाळगून बसले, उगाच जिन्यात थांबते, सगळे मनाचे खेळ! गोडाऊनबाहेरच्या गाडीवर मी दोन वडापाव खाल्ले आणि हरेश्वरभाऊंनाही खाऊ घातले. कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही.

जेवणानंतर तिसरी बाई खाटेवर गेली, संगीता तिचं नाव. पिशवी निम्मी भरली आणि तिचे ओठ पांढरे पडले. हात बर्फासारखा. डॉक्टर मॅडमनी सुई काढली, पाय वर केले, सलाईन लावलं. मग छोट्या मशीनवर तिचं रक्त तपासलं आणि आकडा माझ्यासमोर धरला. आठ. साडेबाराच्या खाली आम्ही रक्त घेत नाही.

“हिचा थेंब बुडाला होता?”

“बुडाला होता मॅडम.”

मी नळी काढून पाण्यात सोडली. नळी पार खाली गेली. पाणी पातळ होतं.

हरेश्वरभाऊ पुढे आले. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता. “मी घातलं. पिन्याच्या बाटलीतलं, थोडंच. चार बाया तरंगल्या, मला वाटलं परत पानी जाड झालं. मिठागरात जाड झालं तर आम्ही खाडीचं पानी सोडतो.”

पाणी जाड झालं नव्हतं. त्या चार बायका खरंच कमी रक्ताच्या होत्या.

शिबिर तिथेच थांबलं. ज्यांनी तोवर रक्त दिलं होतं त्या सगळ्यांना परत बोलावून मशीनवर तपासलं. दोघी कमी भरल्या, पण ठीक होत्या. संगीताला दवाखान्यात नेलं, डॉक्टर मॅडम संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ होत्या. ती सावरली, आठवड्याने कामावर गेली. तिला काही झालं असतं तर मी आज इथे बसून किस्से सांगत नसते.

पण एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगायची मला लाज वाटते. नळी खाली गेली तेव्हा मला पहिली संगीता आठवली नाही. पहिल्यांदा मनात आलं: मग माझा थेंब?

*

शेवटचा किस्सा सांडोरचा.

कामणनंतर हरेश्वरभाऊंनी घनतेची नळी स्वतःच्या ताब्यात घेतली. डॉक्टर मॅडमचं त्यांना रागावून झालं होतं, पण त्यांनी स्वतः मनाला जेवढं लावून घेतलं त्यापुढे ते काहीच नव्हतं. रोज सकाळी तीनदा मोजायचे. दर वीस-पंचवीस थेंबांनी नवीन पाणी घेऊन पुन्हा मोजायचे. बोटांत चोळणं बंद. मिठागराचा शब्द नाही.

मी मात्र कामणनंतर पाच महिने काही केलं नाही. दुसऱ्या मजल्यावर थांबून फोन बघायचे, आता पहिल्यावरही. मुलगी म्हणाली, “आई, तू किती पांढरी दिसतेस.” मी म्हटलं, पावडर जास्त झाली.

सांडोरला चर्चच्या सभागृहात शिबिर होतं, मागे केळीच्या बागा. गर्दी चांगली. फिलोमिनाबाई नावाच्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, भाजीचा धंदा, आवाज खणखणीत. खुर्चीत बसल्या आणि बोट मुठीत घेतलं.

“तू आधी तुझा टाक.”

म्हटलं, बाई, मी इथे काम करते.

“मग काय झालं? मी वांगी विकते तर घरी पण तीच खाते. तू दुसऱ्यांना टोचतेस, तुझा बघितलास का कधी?”

रांगेतले लोक हसले. मीही हसले. मग मी नेहमीचा आधार शोधला आणि हरेश्वरभाऊंकडे बघून म्हटलं, “आज पाणी जरा शंकास्पद वाटतंय, नाही?”

हरेश्वरभाऊंनी नळी पुसली. “पानी बरोबर आहे मॅडम. तीनदा बघितलंय.”

आता मागे फिरायला जागा नव्हती. फिलोमिनाबाई हात बांधून बसल्या होत्या. मी बोट टोचलं. रक्त बारीक नळीत घेतलं. थेंब सोडला.

थोडा खाली गेला. थांबला.

मी मोजत नव्हते, हरेश्वरभाऊ मोजत होते. सहा, सात. थेंब तिथेच. मला आईचा हात आठवला, जिन्याच्या कठड्यावरचा, नखं पांढरी. नऊ, दहा. थेंब वर यायला लागला. अकरा वर्षं मी हे बघत आलेय आणि तरी मला वाटलं की हा माझा आहे, हा नाही येणार. चौदा. पंधरा. थेंब वर येऊन टेकला होता.

फिलोमिनाबाईंचे हात सुटले.

मी पाण्याकडे बघत बसले. अर्धं मिनिट झालं असेल. थेंब हलला, डुलला आणि सावकाश तळाला गेला.

“बुडाला,” मी म्हणाले. “भाऊ, बघा, बुडाला.”

हरेश्वरभाऊंनी नळी खाली ठेवली. माझ्या खुर्चीमागे आले आणि खांद्याला धरून मला उठवलं. टेबलाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला नेलं. फिलोमिनाबाईंनी उठून त्यांची खुर्ची मला दिली. हरेश्वरभाऊ माझ्या खुर्चीत बसले, गुलाबी चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ओढलं, पेन झटकलं.

“घाबरू नका,” ते म्हणाले. “नाव?”

“भाऊ, नाव माहितीये तुम्हाला.”

“नाव सांगा मॅडम.”

मी सांगितलं. त्यांनी सावकाश लिहिलं.

“वय?”

सांगितलं.

“सकाळी काय खाल्लं?”

“चहा.”

त्यांनी तेही लिहिलं. मग पुढच्या ओळीवर बोट ठेवलं, मी रोज ठेवते तसंच, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “घरात कुनाला रक्ताचा आजार?”

“आईला,” मी म्हणाले.